पाणी टाकून

४ जून

ठकू,

आधी खाली बस, मग वाच. तुझ्या दादाला काही झालेलं नाही असं लिहिणार होते, पण खोटं लिहून काय करू? झालंय. दोन्ही मूत्रपिंडं गेली. डॉक्टर 'गेली' असंच म्हणाले, जशी काही बाजारात गेलीत आणि संध्याकाळी परत येतील.

पाय सुजतात हे मी तुला मागे लिहिलं होतं. हे म्हणायचे, सव्वीस वर्षं बटाट्याच्या फोडी तळत कढईपुढे उभा आहे, पाय सुजणार नाहीत तर काय होईल! मग तोंड सुजायला लागलं. गेल्या महिन्यात एका दुपारी झारा हातातून पडला आणि हे बटाट्याच्या पोत्यावर बसले ते उठेचनात. कारखान्याची जेवणाची सुट्टी झालेली, फाटकातून माणसं लोटलेली, सगळे "फोडी द्या, फोडी द्या" करतायत. मी शेगडी बंद केली आणि ओरडले, जा सगळे घरी.

आता आठवड्यातून दोनदा यांना डायलिसिस केंद्रात रक्त धुवायला नेते. चार तास मशीनला बांधून ठेवतात. यांची थट्टा काही कमी नाही. सिस्टरना म्हणाले, "आम्ही तेल गाळतो तसं तुम्ही रक्त गाळताय, पण आम्ही निदान महिन्यानं तेल बदलतो तरी." सिस्टर हसल्या. मी नाही हसले.

काय खायचं त्याचा एक छापील कागद केंद्रात दिलाय, तो सगळा इंग्रजीत. सिस्टर तोंडानं सांगतात, पण माझे कान तुला माहीत आहेत. डावा तर पूर्ण गेला. मी आपली हो हो करून मान हलवते आणि घरी येऊन रडते. फोनवरही तेच होणार, तेव्हा तू लिहूनच पाठव. दवाखान्यात इतक्या लोकांना रोज पथ्य सांगतेस, आता आपल्या माणसासाठी लिही. यांनी काय खायचं, काय नाही, सगळं मोठ्या अक्षरात. तू लिहिशील त्याच्या बाहेर मी एक घास जाणार नाही.

तुझी वहिनी


११ जून

प्रिय वहिनी,

बसूनच वाचलं. नंतर बाहेर रांगेत बसलेल्यांना अर्धा तास आत बोलावलं नाही.

किती वर्षं ओरडतेय मी? "मीठ बघतो" म्हणत दर घाण्यामागे चार फोडी तोंडात. दिवसाला पंचवीस-तीस घाणे. म्हणजे शंभर फोडी, सगळ्या खारट, सगळ्या तेच ते काळं झालेलं तेल प्यायलेल्या. मीठ बघायला जीभ लागते गं, पोट भरायला लागत नाही! रक्तदाब वाढला, तो कधी मोजला नाही, डोकं दुखलं की चहा. वाढलेल्या रक्तदाबानं मूत्रपिंडातल्या बारीक रक्तवाहिन्या वर्षानुवर्षं झिजत जातात, आवाज न करता. मी हे दर महिन्याला कुणाला ना कुणाला समजावते, आणि माझ्याच घरात ऐकायला कुणी नव्हतं.

रागावलेय, कारण घाबरलेय. मीही त्याच फोडींवर वाढले. परीक्षा असली की तो कागदाच्या पुडीत गरम फोडी आणून माझ्या पुस्तकावर ठेवायचा आणि म्हणायचा, "खा, मेंदूला तेल लागतं." पानांवर ते डाग अजून आहेत. मग त्याला मी कुठल्या तोंडानं बोलू?

आता लिहिते ते भिंतीवर लाव. मीठ बंद. पाणी दिवसाला पाऊण लिटर, चहा-दूध-भाजीतलं सगळं धरून, बाटलीत मोजून ठेव. केळं, टोमॅटो, फळांचा रस, सुका मेवा बंद. भात चालेल. अंड्याचा पांढरा भाग चालेल.

आणि बटाटा बंद. बटाट्यात पोटॅशियम नावाचा क्षार असतो. तुझ्यामाझ्या मूत्रपिंडातून तो लघवीवाटे निघून जातो, दादाच्या जात नाही. रक्तात साठत राहतो आणि एक दिवस हृदय थांबतं. दुखत नाही, सांगून येत नाही, थांबतं. तळलेली फोड तर अजिबात नको. कच्ची फोड थेट तेलात पडली की तो क्षार आतच कोंडतो, वर आपण मीठ भुरभुरवतो.

त्याला सांग, मी हात जोडते.

ठकू


२० जून

ठकू,

भिंतीवर लावलं. हे रोज त्याच्यासमोर उभे राहून मोठ्यानं वाचतात, शाळेत पाढे म्हणतात तसे. "केळं बंद, टोमॅटो बंद, बटाटा बंद, आणि शेवटी दादा बंद."

हसू नकोस. हे जेवत नाहीत. एकोणसाठ किलोचे एक्कावन्न झाले. भाताचे दोन घास घेतात आणि ताट सरकवतात. अंड्याच्या पांढऱ्याला म्हणतात, हे रबर तू खा. मी गाळा दुपारचे दोन तास उघडते, तेवढंच. हे घरी बसून बटाटे सोलून देतात, हात रिकामे राहवत नाहीत म्हणून. परवा मी आत आले तर सोललेला बटाटा नाकाशी धरून बसले होते. मला बघून लहान मुलासारखा पाठीमागे लपवला. मग यांच्या डोळ्यांना धार लागली. ठकू, सव्वीस वर्षांत मी या माणसाला रडताना पाहिलं नव्हतं.

केंद्रातले डॉक्टर म्हणतात, वजन असंच उतरलं तर मशीन सोसणार नाही. म्हणजे खाल्लं तरी मरण, नाही खाल्लं तरी मरण. बटाटा यांना पोटात जाईल असा करायची काहीतरी रीत असेल ना? तू एवढं शिकलीस. एखादी वाट सांग.

वहिनी


२७ जून

प्रिय वहिनी,

बाहेर आठ जण बसलेत, त्यामुळे घाईत लिहितेय. वाट आहे. तळण नाही, ते विसरच. पण अशी भाजी देता येईल.

बटाट्याची साल काढ. पत्त्यासारख्या पातळ चकत्या कर. दोन तास पाण्यात भिजत ठेव. मग भरपूर पाण्यात मऊ होईपर्यंत उकळ. बटाट्यात जे काय असतं ते बरंचसं उकळताना पाण्यात उतरतं. मग पाणी टाकून भाजी कर. पाणी टाकायला विसरू नकोस, सगळी खुबी त्या पाण्यात आहे. थोडं तेल, मिरी, लिंबाचे दोन थेंब, मीठ नाही. एक वाटी, आठवड्यातून तीनदा.

वीस वर्षं मी हीच रीत सांगतेय, कितीतरी माणसं यावर नीट जगतात. दादाही जगेल. वजन कळव.

ठकू


१५ जुलै

ठकू गं,

तुझ्या हातांना सोन्याच्या बांगड्या घालायला हव्यात. हे जेवले! पहिल्या दिवशी वाटी चाटूनपुसून साफ. मी विचारलं कशी झालीय, तर म्हणाले, "बटाटा आहे, त्याला वाईट कसं म्हणू?" तू लिहिलंस तस्संच करते, चकत्या, दोन तास भिजवणं, उकळणं, पाणी टाकून भाजी. तळणाचा वासही घरात येऊ देत नाही. कढई गाळ्यातच ठेवते.

वजन त्रेपन्न झालं. कालपासून केस विंचरायला लागले. केंद्रात शेजारच्या पलंगावर एक तरुण मास्तरीणबाई असतात, तिसरीच्या मुलांना शिकवायच्या, आता सुट्टीवर. हे त्यांना गणितं घालतात. एका पोत्यात इतके बटाटे, एका बटाट्याच्या इतक्या फोडी, तर कारखाना सुटल्यावर माझ्या बायकोच्या किती शिव्या? मास्तरीणबाई हसून हसून बेजार होतात आणि सुई हलते म्हणून सिस्टर रागावतात.

आज मला खूप दिवसांनी झोप लागेल असं वाटतंय.

वहिनी


२१ ऑगस्ट

ठकू,

काहीतरी बिघडलंय. रक्त तपासलं तर तो तुझा क्षार वाढलेला निघाला. डॉक्टरांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि कागदावर लिहून दाखवलं, "काय खायला घालता?" मी तुझं पत्र पर्समध्येच ठेवते, तरी घाबरून काढलंच नाही. म्हटलं, सगळं पथ्याचंच देते. त्यांनी मान हलवली, विश्वास ठेवल्यासारखं काही दिसलं नाही.

यांच्या पायात जोर नाही. जिना चढताना मधे थांबतात. मी काय चुकतेय? तूच सांग.

वहिनी


२८ ऑगस्ट

प्रिय वहिनी,

तू चुकत नाहीयेस. तो चोरून खातोय.

वाईट वाटून घेऊ नकोस, पण मी हे रोज बघते. शपथा घेणारी, पोराबाळांच्या डोक्यावर हात ठेवणारी माणसं, आणि उशीखाली पुडी. पथ्याची भाजी खाऊन क्षार एवढा चढत नाही. तू पाणी टाकतेस ना? मग प्रश्नच नाही. गाळा बंद कर. कढई कुणाला तरी देऊन टाक. पोतं घरात ठेवू नकोस, आठवड्याचे बटाटे तेवढे आण. त्याचे खिसे बघ, हात हुंगून बघ, तळणाचा वास साबणानंही पटकन जात नाही. त्याला राग आला तर येऊ दे.

ठकू


६ सप्टेंबर

चि. ठकू,

तुझ्या वहिनीनं कागद दिला म्हणून लिहितो. माझं अक्षर तुला माहीत आहे, तेव्हा लावून घे.

गाळा बंद केला. कढई कारखान्याच्या रखवालदाराच्या बायकोनं नेली, ती तिच्यात कपडे भिजवते म्हणे. असो. आता आमच्याकडे रोजचा कार्यक्रम असा आहे. सकाळी उठलो की वहिनी खिसे तपासते. केंद्रावरून आलो की तपासते. मग हात पुढे करायला लावते आणि हुंगते. मी तिला म्हटलं, अगं, सव्वीस वर्षांचा वास आहे, तो मेल्यावरच जाईल. तिला ऐकू आलं नाही, किंवा आलं असेल.

ठकू, मी फोड खात नाही. जून महिन्यापासून एकही खाल्लेली नाही. मला चोरून खायची सवय नाही, मी आयुष्यभर सगळ्यांसमोर खाल्ल्या. तुझी वहिनी देते तेवढंच माझ्या पोटात जातं. मग ते रक्तात कुठून येतं ते तू शोध, तू शिकलेली आहेस. पण मला चोर म्हणू नका. घरातच चोर ठरलो तर मी कुठे जाऊन बसू?

तुझा दादा

(खाली मी लिहितेय. पाणी टाकते गं, न चुकता, तू काळजी करू नकोस. यांचं लिहिणं मनावर घेऊ नकोस. वहिनी)


१३ सप्टेंबर

दादा,

रक्त खोटं बोलत नाही. माणसं बोलतात.

मला तू हवा आहेस, म्हणून वाईट होतेय. वहिनीला त्रास देऊ नकोस आणि ती सांगेल ते ऐक.

ठकू


१२ ऑक्टोबर

ठकू,

यांचे दिवस उरकून तू परत गेलीस त्याला नऊ दिवस झाले. घरात कुणी नाही, तरी मी दोन कप चहा टाकते आणि एक ओतून देते.

तू इथे होतीस तेव्हा सांगायचं होतं, जमलं नाही. तू सगळ्यांना सांगत होतीस, वहिनीनं फार केलं, वहिनीनं एक नियम मोडला नाही. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटत होतं. डॉक्टरांनी तुला सांगितलं ना, क्षार चढून हृदय थांबलं? ते मी केलं.

तो रविवार होता, हे गेले त्याच्या आदल्या दिवशीचा. हे दिवसभर पडून होते. पाय उचलत नव्हते. संध्याकाळी मला खुणेनं जवळ बोलावलं आणि उजव्या कानाशी तोंड आणून म्हणाले, "एकदा तळ गं. माझ्यासाठी नको, वास येऊ दे घरात." मी नाही म्हटलं. मग हे भिंतीकडे तोंड करून पडले. माझ्यानं राहवलं नाही. छोट्या कढल्यात तेल तापवलं, एका बटाट्याच्या फोडी केल्या. वर मीठसुद्धा घातलं, ठकू. यांनी तीन खाल्ल्या. मोजून तीन. चौथी मी हातातून काढून घेतली. म्हणाले, "तेल जरा जास्त तापलं होतं." एवढंच.

सोमवारी सकाळी केंद्रात न्यायला गाडी आली. हे खुर्चीत बसून चप्पल घालत होते. एक घातली.

तू मला काय म्हणायचं ते म्हण. मी कुणालाच सांगितलेलं नाही.

वहिनी


१९ ऑक्टोबर

वहिनी,

तुझं पत्र तीन वेळा वाचलं.

मी चार महिने एकच गोष्ट सांगत होते. एकच. तळलेली फोड नको. त्यासाठी मी माझ्या भावाला खोटारडा म्हटलं, त्याच्या शेवटच्या पत्राला दोन ओळींचं उत्तर दिलं, वाटलं, तू तरी पथ्य सांभाळशील. आणि तू मीठ घालून दिल्यास? तीन असोत की तीस. तुझ्या प्रेमाला बाहेर बांधून ठेवता आलं नाही का एक दिवस?

अजून लिहीत बसले तर नको ते लिहून जाईन. काही दिवस मला पत्र पाठवू नकोस.

ठकू


२८ ऑक्टोबर

ठकू,

नको म्हणालीस तरी पाठवतेय, एवढं एक वाच आणि मग फाडून टाक.

तू बोललीस ते सगळं कबूल. त्या तीन फोडी माझ्या डोक्यावर आहेत आणि मी त्या घेऊनच जाणार. पण बाकी एक दिवस, एक घास मी तुझ्या पत्राबाहेर गेले नाही, हे तू मानावंस एवढंच मागते. एक वाटी म्हणालीस, एकच दिली. आठवड्यातून तीनदा म्हणालीस, तीनदाच. आणि पाण्याच्या बाबतीत तर मी डोळ्यांत तेल घातलं होतं. ज्यात चकत्या उकळायच्या त्यातला थेंब मी कधी वाया घालवला नाही. सगळं त्यात उतरतं, सगळी खुबी त्यात आहे असं तू लिहिलं होतंस, म्हणून भाजीत टाकायचे, आणि उरेल ते गाळून बाटलीत. मला वाटलं, वाईट तेवढं बटाट्यात राहतं आणि सत्त्व पाण्यात येतं. पाऊण लिटरचं माप मोडू नये म्हणून साध्या पाण्याऐवजी तेच द्यायचे. ऑगस्टात पायातला जोर गेला तेव्हा तर ताकद यावी म्हणून बाकीच्या दिवशीही चकत्या उकळायचे. चकत्या मी खायचे आणि पाणी यांना.

हे सगळं केलं आणि तीन फोडींनी मातीत घातलं.

यांच्या मागे एक बरं काम करावं म्हणून गेल्या आठवड्यात केंद्रावर गेले होते. ती शेजारच्या पलंगावरची मास्तरीणबाई वाळून काडी झालीय, काही खात नाही. तिच्या आईला मी तुझी रीत माझ्या हातानं उतरून दिली, शब्द न् शब्द. आई बिचारी माझा हात धरून रडली. निदान त्या पोरीला तरी तुझ्या शिक्षणाचा उपयोग होऊ दे.

वहिनी


४ नोव्हेंबर

वहिनी,

सकाळी तुला तार केली, हे पत्र तिच्यामागून येईल. तारेत "उकळलेलं पाणी मोरीत ओतायचं, मास्तरीणबाईंना आज सांग" एवढंच लिहिलं. केंद्रावरही फोन लावला. ज्या सिस्टरनं उचलला तिला कोण मास्तरीणबाई ते कळेना. तार मिळाली नसेल तर हे पत्र खाली ठेव आणि आधी धावत जा. बाकीचं आल्यावर वाच.

वहिनी, ते पाणी फेकायचं होतं.

बटाट्यातला तो क्षार उकळताना पाण्यात उतरतो. वाईट तेच पाण्यात येतं. म्हणून पाणी टाकायचं. टाकून द्यायचं. मोरीत. मी "पाणी टाकून भाजी कर" लिहिलं. "टाकायला विसरू नकोस" लिहिलं. काल ते वाक्य मी पन्नास वेळा कागदावर लिहून बघितलं. दोन्ही अर्थ होतात. तू भाजीत टाकलंस, तेही त्यात बसतं.

वीस वर्षं मी हे वाक्य बोलतेय आणि एकदाही कुणी चुकलं नाही. का ते काल कळलं. बोलताना माझा हात चालतो. पातेलं तिरकं करून ओतल्यासारखा. समोरचा माझा हात बघतो. पत्रात हात नव्हता आणि मला घाई होती. "दे" एवढं एक अक्षर जास्त लागलं असतं. आणि मी तुला विचारलंही होतं, पाणी टाकतेस ना? तू हो म्हणालीस. दोघी खरं बोलत होतो.

तीन फोडींनी माणूस एका रात्रीत जात नाही. तीन फोडींचा क्षार तुझ्या अर्ध्या पेल्याइतकाही नसेल. ज्या दिवशी तू त्या फोडी तळल्यास त्या दिवसाच्या आधी अडीच महिने तो रोज मरत होता, आणि मी त्याला लिहिलं, रक्त खोटं बोलत नाही. खरंच बोललं नाही. तोही बोलला नाही.

हे तुला सांगू नये असं मला वाटलं. काल रात्रभर मी हे पत्र लिहिलं नाही. तुझ्या डोक्यावरून तीन फोडी उतरवून महिन्यांचे पेले ठेवायचे, याला काय न्याय म्हणायचा? फोडींचाच दोष राहू द्यावा, तुला तो पेलतोय असं वाटलं. पण तू ते कागदावर उतरवून दुसऱ्या घरात दिलंस, तेव्हा मला गप्प बसायची सोय राहिली नाही.

तू काही चुकली नाहीस. माझं वाक्य चुकलं. मला पाहिजे ते म्हण.

ठकू


१३ नोव्हेंबर

ठकू,

तार मंगळवारी दुपारी आली. मला तिचा काही अर्थ लागेना, पण तू तार करतेस म्हणजे आग लागली असणार, म्हणून तशीच गेले. मास्तरीणबाई मशीनवर होती. बरी आहे. चेहऱ्यावर थोडी टवटवी आलीय. तिच्या आईला मी बाहेर ओढलं आणि विचारलं, पाण्याचं काय करता? माझा आवाज बहुतेक फार मोठा झाला, सगळे वळून बघायला लागले. त्या घाबरून गेल्या. पिशवीतून कागद काढला, माझ्याच अक्षरातला, आणि त्यावर बोट ठेवून मला समजेल असं सावकाश म्हणाल्या, "मोरीत ओतते की. लिहिलंय ना तुम्ही, पाणी टाकून."

त्यांना कळलं, ठकू. तेच वाक्य. बघताक्षणी कळलं. मी "बरं, बरं" म्हटलं आणि जिन्यात जाऊन बसले. तुझं पत्र आलं तोपर्यंत मला सगळं समजलं होतं.

तू लिहितेस मी चुकले नाही. मग तू चुकलीस असं म्हणावं, तर तेही पुरत नाही. रागावायचं म्हटलं तर तुझ्यावर खूप राग आहे. वीस वर्षं लोकांना शिकवतेस आणि आपल्या भावासाठी तुला एक नीट ओळ लिहायला वेळ झाला नाही. आणि माझ्यावर आहे तो कुठे ठेवू ते कळत नाही. मी रोज या माणसाच्या खिशात हात घातले. हात हुंगले. चोर ठरवलं. आणि त्याच हातात पेला दिला.

तू सगळं लिहिलंस, तर मीही एक लिहिते, जे मी कुणालाच सांगितलेलं नाही. शेवटी शेवटी यांना ते पाणी नकोसं व्हायचं. मचूळ लागतं म्हणायचे. पेला हातात घेऊन बसून राहायचे आणि माझ्याकडे बघायचे, आज राहू दे ना. मी ओरडायचे नाही, रागवायचे नाही. नुसतं म्हणायचे, ठकूनं सांगितलंय. मग सगळं प्यायचे.

वहिनी